सेवासंस्थेच्या सभेत नाताळगीत : एक मागोवा

आगमनकाळ सुरू झाला की शहरांप्रमाणे तालुक्याच्या गावांतूनही रोटरी, लायन्स यांसारख्या सेवासंस्थांच्या सभांना नाताळचा रंग चढू लागतो. एखाद्या महाविद्यालयाचा गायनवृंद पाहुणा म्हणून बोलावला जातो, दोनचार गीते होतात, फराळ होतो आणि सभा संपते. बीड जिल्ह्यासारख्या भागात ख्रिस्ती कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. येथील तरुणांना असे निमंत्रण आले की वडीलधाऱ्यांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. आपल्या मुलामुलींनी तिथे जावे का? आणि गेले तर गावे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर धर्मसभेच्या अलीकडच्या इतिहासात मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी मात्र आपल्याला अमेरिकेतील एका गरीब विद्यापीठापासून थेट अंबाजोगाईपर्यंत प्रवास करावा लागेल.

प्रथम निमंत्रण देणाऱ्यांविषयी. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन परिचितांना एकत्र आणले. त्यांत एक खाण-अभियंता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपी होता. मोठ्या शहरात एकाकी पडलेल्या व्यावसायिकांनी पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटावे, एवढाच मूळ हेतू. या पाळीवरूनच ‘रोटरी’ हे नाव आले. मुद्रक हॅरी रगल्स थोड्याच दिवसांत त्यांना येऊन मिळाला. एका सभेत पाहुणा वक्ता अशोभनीय विनोद सांगू लागताच रगल्सने मध्येच उठून सर्वांना गाणे म्हणायला लावले, अशी आठवण सांगितली जाते. आठवण तंतोतंत खरी असो वा नसो, सभेत सामुदायिक गायनाची प्रथा रगल्सने पाडली हे निश्चित. म्हणजे अशा सभेत गाणे हे मागाहून जोडलेले शोभेचे तोरण नव्हे. ते त्या घराच्या पायातच आहे. पुढे स्नेहाला सेवेची जोड मिळाली. १९१७ मध्ये शिकागोतच लायन्स संस्थेचा जन्म झाला. रोटरी १९२० च्या सुमारास कोलकात्यात रुजली आणि १९२९ मध्ये मुंबईत आली.

हे १९२९ साल आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी रोमहून असे मत प्रकट झाले की धर्मगुरूंनी या संस्थेत सहभागी होणे इष्ट नव्हे. पुढे २० डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या तोंडावर, ‘होली ऑफिस’ या श्रद्धारक्षक मंडळाने अधिक स्पष्ट आज्ञा काढली. धर्मगुरूंनी रोटरीचे सभासद होऊ नये, केवळ सभासदांसाठी असलेल्या सभांना जाऊ नये. प्रापंचिकांनीही संशयास्पद संस्थांविषयीचा धर्मविधीचा नियम ध्यानात ठेवावा, असा तिचा आशय होता. आज ही आज्ञा कठोर वाटेल; परंतु तिच्यामागची चिंता पोकळ नव्हती. युरोपातील काही देशांत गुप्त मंडळांनी धर्मसभेशी उघड वैर मांडले होते आणि नव्या संस्थांवर त्यांची छाया असल्याची शंका होती. शिवाय, सर्व धर्म सारखेच, तेव्हा कोणताच मनापासून मानण्याचे कारण नाही, अशी उदासीन वृत्ती तेथे पोसली जाईल, हेही भय होते.

काळाने ही शंका दूर केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरच्या वर्षी, १९६५ मध्ये, पोप पॉल सहावे यांनी इटलीतील रोटरी सभासदांचे स्वागत केले. जून १९७९ मध्ये रोटरीचे जागतिक अधिवेशन खुद्द रोममध्ये भरले आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यासमोर भाषण केले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने धर्मसभेविरुद्ध कारस्थान करणाऱ्या संस्थांपुरतीच शिक्षा ठेवली. एप्रिल २०१६ मध्ये, करुणेच्या ज्युबिली वर्षात, पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या चौकात रोटरी सभासदांची भेट घेतली. सहा दशकांपूर्वी ज्यांच्या सभेला धर्मगुरूने जाऊ नये असे ठरले होते, तेच पोपमहोदयांच्या अंगणात पाहुणे म्हणून आले. या बदलामागे सेवेची साक्ष आहे. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्सपासून पोलिओ निर्मूलनाचे काम आरंभिले आणि १९८५ मध्ये ते जगभर नेले. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या यशात शासनाचा आणि असंख्य आरोग्यसेविकांचा वाटा मोठा आहे. पण या संस्थांचाही आहे. झाडाची पारख फळावरून करावी हे आपल्याला शुभवर्तमानाने शिकवलेच आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘जावे’ असेच येते.

आता पाहुण्या गायनवृंदाकडे वळू. महाविद्यालयाच्या गायनवृंदाने गावोगाव फिरून गाण्याच्या परंपरेतील सर्वांत उज्ज्वल पान अमेरिकेतील नॅशव्हिल गावच्या फिस्क विद्यापीठाचे आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये ते सुरू झाले आणि पाच वर्षांतच कर्जात बुडाले. तेव्हा कोषाध्यक्ष व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांना घेऊन निधीसाठी प्रवास सुरू केला. त्यांतील बहुतेक स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले होते. निघाल्यावर दोनतीन दिवसांतच शिकागो शहराला भीषण आग लागली. या मुलांच्या हाती तेव्हा जेमतेम पन्नास डॉलरांची मिळकत होती. ती त्यांनी आगग्रस्तांना देऊन टाकली. ज्या शहरात चौतीस वर्षांनी सेवासंस्थेचा जन्म व्हायचा होता, त्या शहराला एका गरीब गायनवृंदाने सेवेचा पाठ आधीच दिला होता! लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातील मुक्तिवर्षाची आठवण ठेवून त्यांनी ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव घेतले.

या कथेतील मर्माचा भाग पुढेच आहे. सुरुवातीला ही मुले गोऱ्या श्रोत्यांना रुचतील म्हणून युरोपीय गीते गात असत. श्रोते ऐकत आणि विसरून जात. आपल्या आईबापांनी कापसाच्या शेतात गायिलेली भक्तिगीते लोकांपुढे आणण्याचा त्यांना संकोच वाटे. ती गीते गुलामीच्या जखमेशी बांधलेली होती, आणि त्यांना पवित्रही होती. अखेर ती त्यांनी सभेत गायिली, तेव्हा मात्र श्रोत्यांचे डोळे पाणावले. त्या गीतांनी विद्यापीठ वाचवले आणि त्यांच्या मिळकतीतून ज्युबिली हॉल ही भव्य वास्तू १८७६ मध्ये उभी राहिली. १८७३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्यांचे गाणे ऐकले, आणि पुढे फ्रेडरिक लाउडिन यांचा याच परंपरेतील वृंद भारतातही येऊन गेला. लपवलेले गाणेच त्यांची खरी ठेव ठरले.

जगातील सर्वांत परिचित नाताळगीताचा जन्मही असाच लहान घरचा आहे. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी तरुण सहायक धर्मगुरू जोसेफ मोर आणि शिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांनी ‘सायलेंट नाइट’ प्रथम गायिले. साथीला फक्त गिटार होती. शब्द त्यांच्याच जर्मन बोलीत होते. ते जगभर नेले कोणी? हातमोजे विकत जत्रा फिरणाऱ्या स्ट्रासर कुटुंबासारख्या गायकांनी आणि १८३९ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचलेल्या रायनर कुटुंबाने. देवळाबाहेर, व्यापाऱ्यांच्या मेळ्यात गायिल्याने त्या गीताचे पावित्र्य उणे झाले नाही. याउलट आपल्याकडे हमखास वाजणाऱ्या ‘जिंगल बेल्स’ या १८५७ च्या गीतात येशूचे नाव नाही आणि नाताळचाही उल्लेख नाही. ते घसरगाडीच्या सहलीचे गीत आहे. त्यात वाईट काही नाही. पण तेवढेच गाऊन आपण परतलो, तर सण कोणाचा हे सांगायचेच राहून जाते.

मग बीड जिल्ह्यातील गायनवृंदाने काय न्यावे? या मातीची संपत्ती पाहा. अंबाजोगाई हे मराठीच्या माहेरघरांपैकी एक. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी तिथे आहे. तिथेच दासोपंतांनी ‘गीतार्णव’ रचला आणि सुमारे चाळीस फूट लांबीच्या वस्त्रावर ‘पासोडी’ लिहिली. दासोपंतांचा जन्म १५५१ चा, मृत्यू १६१५ चा. त्यांच्याच पिढीतील एक इंग्रज, येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्यास आला, मराठीच्या प्रेमात पडला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले, म्हणजे दासोपंतांच्या निधनानंतर अवघ्या वर्षभरात. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी हस्तलिखितांच्या आधारे ते टिकले आणि १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा प्रसिद्ध झाले. एक बालाघाटावर, दुसरा सासष्टीत. एक दत्तभक्त, दुसरा ख्रिस्तसेवक. दोघांची एकमेकांशी ओळख असण्याचे कारण नाही. पण दोघांनी ओवी हेच वाहन निवडले. ओवी कानाला लागलेल्या लोकांपर्यंत पोहोचण्याची वाट ओवीतूनच जाते, हे परदेशातून आलेल्या त्या धर्मगुरूला चारशे वर्षांपूर्वी उमगले होते. पुढे अहमदनगर परिसरात प्रॉटेस्टंट बांधवांनी कीर्तनाचा स्वीकार केला आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाला ख्रिस्ताच्या चरणी वाहिले.

ओवी केवळ पंडितांची नाही. जात्यावर बसलेल्या स्त्रियांची ती आधी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत आपल्या माजलगाव परिसरातील कष्टकरी स्त्रियांचा आवाज ठळक आहे. मराठवाड्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहणारे. हलगी, सनई, एकतारी हे त्यांच्या घरचे धन होते. परंतु त्याला अपमानाच्या आठवणीही चिकटलेल्या होत्या. शिकलेल्या पिढीला ते वाद्य हाती धरताना संकोच वाटला तर तिला दोष देता येत नाही. फिस्कच्या मुलांनाही हाच संकोच वाटला होता. तरीही आजीची ओवी तिच्याबरोबर मातीआड गेली, तर हानी नातवंडांचीच आहे.

४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने उपासनेविषयी जो दस्तऐवज दिला, त्याच्या ११९ व्या परिच्छेदात स्थानिक लोकसंगीताला योग्य मान व स्थान द्यावे असे स्पष्ट सांगितले आहे. ही सूचना वेदीपुरती नाही. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या औरंगाबाद धर्मप्रांतात भजन आणि ओवी गाणारे कंठ अजून आहेत. प्रत्येक धर्मग्रामातील तरुणांनी या आगमनकाळात घरच्या वृद्ध स्त्रियांजवळ बसून चार ओव्या लिहून घ्याव्यात, चाल ध्वनिमुद्रित करावी, आणि बाळ येशूच्या जन्माची कथा त्या चालीत बसवावी. सेवासंस्थेचे बोलावणे आले तर एखादे इंग्रजी गीत जरूर गावे. यजमानाच्या आवडीचा मान राखणे हेही सौजन्यच आहे. पण त्यानंतर हलगीच्या ठेक्यावर आपली ओवी म्हणावी. बेथलेहेमच्या रात्री पहिली वार्ता गावाबाहेर राखण करणाऱ्या मेंढपाळांना मिळाली होती. गावकुसाबाहेरच्या आवाजात ती वार्ता नगराच्या सभागृहात पोहोचावी, याहून उचित नाताळभेट आपण शेजाऱ्यांना कोणती देणार?