'रहमीम' : आईच्या कुशीतून आलेला शब्द

जुन्या करारात परमेश्वराच्या प्रेमासाठी दोन हिब्रू शब्द अनेकदा जोडीने येतात : 'हेसेद' आणि 'रहमीम'. स्तोत्र ५१ च्या आरंभीच पश्चात्तापी दाविद या दोहोंचा आधार घेतो. 'हेसेद' म्हणजे कराराला जागणारे, दिला शब्द न मोडणारे प्रेम. मराठीत मात्र दोहोंसाठी बहुधा 'दया' किंवा 'करुणा' असे शब्द योजले जातात व त्यांतील भेद नजरेआड होतो.

'रहमीम' हा शब्द 'रेहेम' म्हणजे गर्भाशय, आईची कूस, या शब्दाशी नाते सांगतो. अरबीतील 'रहमान' व 'रहीम' याच धातूचे आहेत आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला 'रहम' हाही त्याच कुळातला.

या शब्दाचा अर्थ शब्दकोशापेक्षा शलमोनाच्या न्यायसभेत अधिक उलगडतो (१ राजे ३:२६). बालकाचे दोन तुकडे करा, अशी राजाज्ञा होताच खऱ्या आईचे 'रहमीम' पेटून उठते आणि मूल जगावे म्हणून ती त्यावरील आपला हक्कच सोडून देते. खटला हरायला ती तयार होते. 'दया' या शब्दात वरच्याने खालच्यावर करायच्या उपकाराची छटा आहे. येथे तिचा मागमूसही नाही. पापनिवेदनाला यायला वर्षानुवर्षे कचरणारे भाविक आम्ही पाहतो. त्यांच्या मनात देव म्हणजे फार तर शिक्षा माफ करणारा न्यायाधीश असतो. ही आई त्यांच्या दृष्टीस पडलेलीच नसते.

धातूवरून अर्थ ताणण्याचा मोह आम्हा प्रवचनकारांना फार, म्हणून एक सावधगिरी. हा शब्द केवळ स्त्रियांचा नाही. बन्यामीनाला पाहून योसेफाचेही 'रहमीम' तसेच पेटले व तो आतल्या खोलीत जाऊन रडला (उत्पत्ती ४३:३०). स्तोत्र १०३:१३ मध्ये तर याच धातूचे क्रियापद बापासाठी आले आहे. यशया ४९:१५ मध्ये मात्र मूळ अर्थ लख्ख जागा होतो : आईला एक वेळ तान्ह्याचा विसर पडेल, परमेश्वराला सियोनेचा पडणार नाही.

होशेयाच्या घरी हा शब्द दुखऱ्या अंगाने येतो. त्याच्या कन्येचे नाव 'लो-रुहामा', म्हणजे जिला वात्सल्य लाभले नाही अशी. दुसऱ्या अध्यायात त्यातील 'लो', म्हणजे 'नाही', गळून पडतो.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० साली देवाच्या दयेवर 'दिवेस इन मिझेरिकोर्दिया' हे परिपत्रक लिहिले. त्यातील एका लांबलचक तळटीपेत या दोन्ही शब्दांचे विवेचन आहे. वाचकांनी ती टीप ओलांडून पुढे जाऊ नये.

नव्या करारात उधळ्या पुत्राला दुरून पाहताच बापाला जे झाले, त्यासाठी लूक जे ग्रीक क्रियापद वापरतो (१५:२०), ते आतड्यांवरून आलेले आहे. मराठी आईला ते समजावून सांगावे लागत नाही. 'आतडे तुटते' असे ती रोजच म्हणत असते.