पात्राचा पंथ: एका रकान्याची कुळकथा

ऑनलाइन फँटसी गेममध्ये नवं पात्र घडवताना नाव, चेहरा, वंश आणि पेशा ठरला की पुढे एक प्रश्न येतो: हे पात्र कोणत्या देवाचं? सज्जन की दुर्जन, नियम पाळणारं की मोडणारं? खेळणारे याला अलाइनमेंट म्हणतात. पहिलं पाऊल टाकण्याआधीच पात्राच्या आत्म्याचा निवाडा होतो आणि अनेक खेळांत तो पुढे बदलणं अवघड किंवा महागाचं असतं. हा रकाना धर्मविचारातून आला असावा असं वाटतं, पण तो आला लढाईच्या खेळातून. माझ्या मते त्याचं जन्मस्थान अजून त्याला सोडत नाही. माणूस आध्यात्मिक बाजू प्रत्यक्षात कशी घेतो याचे याहून भक्कम पुरावे पुण्याजवळच्या सोमाटण्याच्या आसपास, मावळातल्या लेण्यांत आणि इंद्रायणीकाठच्या माळकऱ्यांत सापडतात.

1971 साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाचा मध्ययुगीन युद्धाचा नियमसंच छापला. त्याच्या जादूई पुरवणीत प्राण्यांची आणि योद्ध्यांची यादी तीन गटांत होती: नियम, तटस्थ आणि अंदाधुंदी. कोण कुणाच्या सैन्यात उभं राहू शकतं, एवढंच त्या यादीने सांगायचं होतं. नियम आणि अंदाधुंदी यांच्या झुंजीची कल्पना पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून आली होती. 1974 साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला. त्यात सैन्याऐवजी एकेक पात्र खेळायचं होतं, तरी ती तीन नावं तशीच राहिली आणि प्रत्येक खेळाडूने त्यांतलं एक निवडायचं ठरलं. छावणीची नोंद अशी माणसाच्या स्वभावाची नोंद झाली. 1976 साली गायगॅक्सने एका लेखात चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष जोडला आणि 1978च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये नऊ घरांचा तक्ता पक्का झाला. छावणीच्या खुणा तरीही पुसल्या गेल्या नाहीत. एका बाजूच्या लोकांची आपापसांत बोलायची गुप्त भाषा नियमांत होती आणि बाजू बदलणाऱ्याला एक पातळी गमवावी लागे. विचार बदलला म्हणून सोसावा लागणारा हा दंड फितुरीच्या शिक्षेसारखा आहे.

संगणकावर आल्यावर या रकान्याला दोन वाटा फुटल्या. 1999च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये पात्र घडवतानाच दैवत निवडावं लागे, आणि कोणतंही दैवत न मानण्याची मुभाही होती. कोणत्या गटाला तुम्ही आपले वाटाल आणि कोणाला परके, हे पुष्कळसं त्या निवडीवर अवलंबून असे. हा ‘चेनमेल’चा थेट वंश. दुसरी वाट रिचर्ड गॅरियटच्या 1985 सालच्या ‘अल्टिमा फोर’ने दाखवली. त्यात सुरुवातीचे प्रश्न दोन सद्गुणांत निवड करायला लावतात आणि त्यावरून पात्राचा पेशा ठरतो, पण पुढचं सगळं वागण्यावर. जादूची सामग्री विकणारी बाई आंधळी आहे. किती नाणी द्यायची ते खेळाडूने स्वतःच टाकायचं. कमी दिली तर ती काही बोलत नाही, पण प्रामाणिकपणाची शिल्लक घटते. ही शिल्लक पडद्यावर आकड्यांत दिसत नाही, राजवाड्यातल्या ज्ञात्याला विचारावं लागतं. नऊ घरांच्या तक्त्यापेक्षा मला हे कितीतरी खोल वाटतं, कारण इथे नाव आधी मिळत नाही, कृती आधी घडते.

आता मावळाकडे वळू. सोमाटण्याजवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतल्या चैत्यात आज शिवलिंग पुजलं जातं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पश्चिमेला गेलं की कार्ल्याचा चैत्य लागतो. त्याच्या दाराशी एकवीरा आहे. कार्ल्याच्या खांबांवर दात्यांची नावं कोरली आहेत, त्यांत धेनुकाकटाहून आलेले आणि स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. पण सर्वांत बोलका लेख क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याचा. वलुरक, म्हणजे आजचं कार्ले, इथल्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक हे गाव दिलं, आणि त्याच लेखात देव-ब्राह्मणांना दिलेली 16 गावं आणि 3 लाख गायींचं दान अभिमानाने नोंदवलं. वर गाव देताना कोणताही पंथभेद न करता द्यावं असंही म्हटलं. नऊ घरांच्या तक्त्यात, किंवा दैवतांच्या यादीत, या माणसाला कुठे बसवणार? त्याच ठिकाणी सातवाहन काळात महासांघिक या एका बौद्ध निकायाच्या नावे दान नोंदलं गेलं. पंथाची सीमा आखणारा लेख आणि ती न मानणारा लेख एकाच डोंगरात आहेत, आणि दोन्हींत माणसाची ओळख त्याने काय दिलं यावरून ठरते.

इथे आक्षेप येईल की ऋषभदत्त राजकारणी होता, सर्वांना खूश ठेवणं त्याला गरजेचं होतं. त्याच्या दानावरून श्रद्धा कशी मोजणार? आक्षेप रास्त आहे. दानलेख मन दाखवत नाही. पण गेमलाही मन दिसत नाही. त्याला फक्त कृती दिसते. म्हणूनच, ज्याच्याकडे फक्त कृतीची वही आहे त्याने आधीच मनाचं नाव लिहून घेऊ नये, एवढंच मी म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सुरुवातीला काहीच निवडायचं नसेल तर निष्ठा म्हणजे काय? केवळ कर्मांची बेरीज म्हणजे श्रद्धा नव्हे; माणूस काहीतरी ठरवून त्या वाटेवर चालतो. याचं उत्तर देहू-आळंदीच्या परंपरेत आहे. वारकरी होणारा तुळशीची माळ घालतो, आणि ती घालणं म्हणजे मांस आणि मद्य सोडणं, एकादशी करणं, पंढरीची वारी करणं. ही उघडपणे केलेली निवड आहे, आणि ती कुळावर अडत नाही: चोखामेळा, सावता माळी, गोरा कुंभार, तुकाराम ही एकाच परंपरेतली वेगवेगळ्या जातींची माणसं. अनेक घरांत माळ पिढीजात चालत येते हे खरं, पण बाप माळकरी आहे म्हणून मुलाची एकादशी होत नाही. ती ज्याची त्यालाच करावी लागते. ‘एव्हरक्वेस्ट’च्या दैवताने फाटकं उघडतात किंवा बंद होतात. माळ फाटक उघडत नाही, ती घालणाऱ्याच्या ताटापर्यंत येते. छावणी आणि व्रत यांतला हा फरक खेळ बनवणाऱ्यांनी फार काळ ध्यानात घेतला नाही.

कुणी म्हणेल, हा नुसता खेळ आहे, पाच अनोळखी माणसं एकत्र खेळायला बसतात तेव्हा कोण कुणाच्या बाजूचा हे पटकन कळायला हवं, आणि त्यासाठी एक शब्द पुरतो. बरोबर. लढाईच्या पटासाठी तो शब्द जन्मला आणि त्या कामी तो चांगला आहे. तक्रार एवढीच की त्याला पात्राचा आत्मा मानलं गेलं, आणि मग खलनायक वाईट का, याचं उत्तर ‘त्याच्या रकान्यात तसं लिहिलंय’ इतकं सोपं झालं.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ला हे हळूहळू उमगलेलं दिसतं. 2008च्या चौथ्या आवृत्तीत नऊ घरांची पाच झाली. धर्मासाठी लढणारा पॅलाडिन हा नियमनिष्ठ सज्जनच असला पाहिजे, ही जुनी अटही तिच्यात उरली नाही. 2014च्या पाचव्या आवृत्तीत तिच्या जागी शपथ आली, आणि ती पात्र घडवताना घ्यायची नसते. पॅलाडिन दोन पातळ्या चालून, लढून, जे करायचं ते करून तिसऱ्या पातळीवर पोचतो, आणि मग शपथ घेतो.