अभ्रकाच्या खिडकीचा सोस

घरी गायगर काउंटर बांधायला घेतला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ट्यूब घ्यायची तर अभ्रकाच्या खिडकीचीच घ्या, बाकी सगळी खेळणी. काचेच्या नाहीतर पत्र्याच्या नळीला अल्फा कण दिसत नाहीत, आणि अल्फा दिसत नसेल तर तो काउंटर कसला? बोरगाव-सौसरकडच्या एखाद्या शाळेने किंवा छंदिष्टाने हे ऐकलं तर पैसे जातील ते जातील, वर भलतीच गोष्ट मोजायला बसावं लागेल.

पूर्वपक्षात तथ्य नाही असं नव्हे. अल्फा कण हवेत काही सेंटिमीटरांत थांबतो, साधा कागदही त्याला अडवतो. त्याला नळीत शिरू द्यायचं तर दर चौरस सेंटिमीटरला दीड-दोन मिलिग्रॅम इतका पातळ पडदा हवा, आणि अमेरिकी एलएनडी-७१२ ला तो आहे. दाखला म्हणून जपानचं नावही हटकून निघतं. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर सेफकास्टच्या स्वयंसेवकांनी अभ्रकाचीच मोठी चकती, एलएनडी-७३१७, वापरली. पण तिथे माग काढायचा होता तो मुख्यतः सीझियमचा, आणि सीझियम अल्फा सोडतच नाही. त्यांना हवा होता चकतीचा पसारा. म्हणजे हा दाखला मांडणाऱ्याच्याच अंगावर येतो.

आता बोरगावात मोजायचं काय, ते पाहू. सौसरचा पट्टा मँगनीजचा, त्यामुळे खाणीतला दगड जवळ नेला की टिकटिक वाढेल अशी पोरांची खात्री असते. निसर्गातलं मँगनीज एकाच प्रकारचं, मँगनीज-५५, आणि ते पूर्ण स्थिर. त्याच्यामुळे काटा हलणार नाही. मोबाईल टॉवरच्या लहरी तर नळीतल्या वायूचं आयनीभवन करूच शकत नाहीत, ट्यूब कितीही महाग असो. जुनं रेडियमचं घड्याळ कुणाच्या पेटीत निघालंच, तर त्याचा बीटा-गॅमा साध्या नळीलाही कळतो. उरतो जमिनीतून आणि आकाशातून येणारा रोजचा किरणोत्सार. तो मोजायचा म्हणजे गॅमा आणि जोरकस बीटा.

इथे रशियन एसबीएम-२० उजवी ठरते. दहा-अकरा सेंटिमीटर लांब, सेंटिमीटरभर जाड, पातळ पोलादी भिंतीची. कोबाल्ट-६० च्या गॅमाला, तासाला एक मिलिराँटजेन या मात्रेत, ती सेकंदाला सुमारे २२ टिकटिक देते. एलएनडी-७१२ देते १८. कारण उघड आहे. गॅमा किरण बहुतांशी भिंतीतून इलेक्ट्रॉन उडवतो आणि तो इलेक्ट्रॉन मोजला जातो, तेव्हा कामाला येते ती भिंत. काचेच्या जे-३०५ लाही मी नावं ठेवणार नाही. फक्त ती उजेडात जादा मोजते, म्हणून तिला काळ्या टेपात गुंडाळावं.

खरी पारख ट्यूबपेक्षा किटची करावी, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. एसबीएम-२० ला ३५० ते ४७५ व्होल्टच्या दरम्यान दाब लागतो. साधारण ४०० वर ठेवतात. स्वस्त किटमध्ये ५५५ आयसीवर हा दाब तयार होतो. तो इतका नाजूक की साधा मल्टिमीटर लावताच बसतो, कारण मीटर स्वतःच १० मेगाओमचा भार टाकतो. मग आकडा कमी दिसतो, माणूस ट्रिमर पिळत जातो आणि ट्यूब जळते. उपाय सोपा आहे: मीटरच्या मालिकेत एक गिगाओमचा रेझिस्टर घाला, दिसेल त्याला १०१ ने गुणा. मीटरवर ४ व्होल्ट म्हणजे ट्यूबवर ४०४. ॲनोडचा ५ मेगाओमचा रेझिस्टर ट्यूबला चिकटून हवा, लांब तारेच्या टोकाला नको. दाब फिरवता येत नाही असं किट परत करावं.

पडद्यावर झळकणाऱ्या मायक्रोसिव्हर्टलाही भुलू नये. एसबीएम-२० साठी मिनिटाला १७५ म्हणजे तासाला एक मायक्रोसिव्हर्ट, हा प्रचलित ठोकताळा. प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या ट्यूबचा गुणक राहिला असेल तर आकडा तितकाच ऐटीत चुकतो. मिनिटाला २० टिकटिक मिळत असतील तर एका मिनिटाच्या मोजणीत चार-पाचचा फरक नुसत्या योगायोगाचा. तासभर मोजा: १२०० ला ३५ चा फरक, म्हणजे तीन टक्के.

तपासायला कृषी केंद्रातलं म्युरेट ऑफ पोटॅश पुरतं. संत्रावाल्यांना ते माहीतच आहे. त्यात निम्मं पोटॅशियम, आणि पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे ३१ विघटनं. दहातली जवळपास नऊ बीटाची. पातळ पिशवीत ते ट्यूबला टेकवून तासभर मोजा, मग पोटॅशशिवाय तासभर. फरक कागदावर उतरतो.

राहिला सुरक्षिततेचा आक्षेप. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० आलं आणि एकाचा जीव गेला. तसला गॅमा ओळखायला अभ्रक लागत नाही. पण उलटही लक्षात ठेवावं: फार तीव्र माऱ्यात घरगुती ट्यूब गुदमरते, आकडा घसरतो, कधी शून्यही दाखवते. भंगारातल्या वस्तूचा संशय आला तर काउंटर घेऊन जवळ जाऊ नका. लांब व्हा, पोलिसांना कळवा.

आणि एवढं वाचूनही अभ्रकाचीच ट्यूब मागवलीत, तर टोपी काढल्यावर पेन्सिलचं टोक खिडकीला लागू देऊ नका. ती फुटली की आतला वायू गेला, आणि दुरुस्ती होत नाही.