काजळी आणि प्लॅटिनम

पाणी फोडले की त्यातून हायड्रोजन निघतो. तो उत्तम जळतो आणि जळून पुन्हा पाणीच होते. हे फोडण्याचे काम उन्हाकडून करून घ्यावे, या खटपटीचा इतिहास आम्ही थोडक्यात सांगणार आहोत.

1912 साली इटलीचे रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान यांनी न्यूयॉर्कच्या परिषदेत, कोळशाऐवजी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या बिनधुराच्या उद्योगांचे चित्र मांडले. 1972 मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी फोडल्याचे प्रसिद्ध केले. परंतु तारेच्या दुसऱ्या टोकाला प्लॅटिनम होते. 2009 मध्ये वांग, आंटोनिएटी व त्यांचे सहकारी यांनी कार्बन नायट्राइड ही स्वस्त पिवळी भुकटी या कामास लावली. भुकटीत धातू नव्हता, तरी हायड्रोजन भरपूर निघावा म्हणून प्लॅटिनमची चिमूट लागलीच.

असे का व्हावे? प्रकाश इलेक्ट्रॉनला वर उचलतो. पण त्याला झेलणारा कोणी नसेल तर तो पुन्हा खाली येतो आणि मेहनत फुकट जाते. माल वर देणाऱ्या हमालाइतकाच वरून घेणारा हमालही लागतो. या दुसऱ्या गड्याला सहउत्प्रेरक म्हणतात.

प्लॅटिनम मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येते. तेथे मारिकाना गावी 16 ऑगस्ट 2012 रोजी मजुरीवाढीसाठी संपावर असलेले 34 खाणकामगार पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. चिमटीची किंमत मोजताना हेही मोजावे लागते.

म्हणून संशोधक कार्बनकडे वळले. ग्राफीन या कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्याने इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम केले. 2004 मध्ये काजळी शुद्ध करताना कार्बनचे चमकणारे सूक्ष्म कण सापडले होते. 2015 मध्ये चीनमधील सुझोउ येथील संशोधकांनी तसे कण कार्बन नायट्राइडमध्ये मिसळले. पाण्यातून हायड्रोजनबरोबर पेरॉक्साइड तयार होई. ते मोडून प्राणवायू मोकळा करण्याचे काम या कणांनी केले. सूर्याच्या ऊर्जेपैकी 2 टक्के हायड्रोजनमध्ये उतरल्याचे त्यांनी नोंदविले.

तरीही इलेक्ट्रॉन झेलण्यात प्लॅटिनमची सर कार्बनला अजून आलेली नाही. ती यावी, असे आम्हांस मनापासून वाटते. मात्र त्या दिवशी मारिकानाच्या कामगाराच्या चुलीचे काय, हा प्रश्न प्रयोगशाळा सोडविणार नाही. तो आपणा सर्वांनाच सोडवावा लागेल.