तीन फॉर्म, एकच बेरीज: जावास्क्रिप्टमधल्या हद्दीची गोष्ट

आजचा विषय तांत्रिक आहे, पण मुळात तो घाईचा इतिहास आहे.

मे १९९५. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला. स्कीम भाषेतून त्यांनी एक मोलाची गोष्ट घेतली: फंक्शन जिथे लिहिलं, तिथली व्हेरिएबल्स ते पुढेही लक्षात ठेवतं. हेच क्लोजर. पण ‘व्हार’ लिहायला विसरलात तर? कुणी ओरडत नाही. ते व्हेरिएबल गुपचूप सगळ्या पानाचं होऊन बसतं. तेव्हा पानावर चार ओळींची स्क्रिप्ट असायची, म्हणून खपून गेलं.

२००६ मध्ये जॉन रेसिग यांनी जेक्वेरी आणली आणि प्लगइनांचा पूर आला. खरी पंचाईत इथून सुरू होते.

समजा, आपल्या शेंदूरजनाघाटच्या एका नर्सरीची वेबसाइट आहे. एका पानावर मागणीचे तीन फॉर्म: संत्रा, मोसंबी, लिंबू. प्लगइन एकच, वापर तीनदा. कलमांची बेरीज प्लगइनच्या बाहेरच्या कवचात ठेवली, तर ती तिघांची सामाईक. शेतकऱ्याने संत्र्याची ५०० कलमं भरली, मग लिंबाची १०, की लिंबाच्या फॉर्मवर दिसणार ५१०! नर्सरीत डोळे एकाच मातृवृक्षाचे असले तरी प्रत्येक कलमाला आपली पिशवी असते ना? तीच पिशवी इथे नव्हती. आणि पानावर फॉर्म एकच असेपर्यंत सगळं बरोबर चालायचं, त्यामुळे लिहिणाऱ्याला पत्ताच नसे.

उपाय जेक्वेरीतच होता. ‘ईच’च्या आतल्या फंक्शनमध्ये व्हेरिएबल घ्या, ते प्रत्येक घटकासाठी नव्याने चालतं, म्हणून प्रत्येकाला आपलं क्लोजर मिळतं. २००८ मध्ये १.२.३ आवृत्तीत ‘डेटा’ आलं, माहिती थेट घटकाशी बांधायची सोय झाली.

तरी एक खोडी उरलीच, आणि ही माझ्या मते सगळ्यांत वाईट. ‘एक्स्टेंड’ने मूळ सेटिंग आणि आपली सेटिंग जोडताना पहिल्या जागी रिकामा ऑब्जेक्ट द्यायचा असतो. तो दिला नाही तर मूळ सेटिंगच बदलते. संत्र्याला १० टक्के सवलत दिली, लिंबाला काहीच सांगितलं नाही, तरी लिंबालाही १० टक्के. एरर नाही, काही नाही. पैसे मात्र जातात.

भाषेनेही हळूहळू कुंपण घातलं. २००९ चा स्ट्रिक्ट मोड न सांगितलेल्या व्हेरिएबलवर एरर देतो. जून २०१५ मध्ये ‘लेट’, ‘कॉन्स्ट’, क्लास आणि मॉड्यूल आले. २०२२ मध्ये क्लासची खाजगी फील्ड्स प्रमाणात आली. पण क्लासच्या बाहेर, मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर लिहिलेलं ‘लेट’ आजही सगळ्या इन्स्टन्सचं सामाईकच असतं बरं का.

जुनी वेबसाइट सांभाळत असाल तर एवढं करा: तोच प्लगइन एका पानावर दोनदा लावा, सेटिंग वेगळी द्या, आणि पहिल्यात काही भरून दुसऱ्याकडे बघा.