बिएझच्या जंगलातले ‘वीर’ आणि कोरेगावचे ‘गद्दार’

१ जानेवारी जवळ आली की पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या कारखान्यांतले आमचे कामगार रजेचा अर्ज टाकतात आणि कोरेगाव भीमाला निघतात. त्याच आठवड्यात कॅन्टीनच्या टेबलावर, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एक वाक्य ठरलेलं असतं: “तुमचे लोक इंग्रजांसाठी लढले, त्याचा कसला अभिमान?” या वाक्याला आम्ही आज भावनेनं नाही, इतिहासानं उत्तर देणार आहोत. त्यासाठी फ्रान्समधल्या एका जंगलात जावं लागेल.

१० मार्च १९१५. पहिलं महायुद्ध खंदकांत रुतलेलं. उत्तर फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल या खेड्यावर सकाळी साडेसातला इंग्रजांच्या तोफांनी भडिमार सुरू केला. पस्तीस मिनिटांनी पायदळ खंदकातून वर आलं. त्यात भारतीय कोअरच्या मेरठ डिव्हिजनचे गढवाली आणि गोरखा होते. काही तासांत खेडं हाती आलं. पुढचं लक्ष्य होतं खेड्याच्या पूर्वेचं जंगल, ब्वा द्यू बिएझ. त्याच्या पलीकडे ओबेर्सची चढण. जंगल मिळालं तर चढणीचा रस्ता मोकळा होणार होता.

पण वरून हुकूम यायला दुपार उलटली. संध्याकाळी डेहराडून ब्रिगेडच्या दोन गोरखा पलटणी, दुसऱ्या गोरखा रायफल्सची दुसरी आणि नवव्या गोरखा रायफल्सची पहिली, ‘ले’ नावाचा ओढा ओलांडून जंगलाच्या कडेला पोहोचल्या. डावी बाजू उघडी होती, समोर जर्मनांची ताजी कुमक येत असल्याची खबर होती. अंधारात त्यांना ओढ्याच्या मागे घेण्यात आलं. रातोरात जर्मनांनी जंगल भरून काढलं. १२ मार्चच्या पहाटे त्यांनी प्रतिहल्ला केला, तो मोडला, पण जंगल शेवटपर्यंत मिळालं नाही. त्या तीन दिवसांत एकट्या भारतीय कोअरचे सुमारे ४,२०० जण मारले गेले, जखमी वा बेपत्ता झाले. गढवाल रायफल्सच्या गबरसिंग नेगींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९२७ मध्ये तिथं स्मारक उभं राहिलं. बेपत्ता झालेल्या सुमारे ४,७०० भारतीयांची नावं त्यावर कोरलेली आहेत.

आपल्या दारातली माणसंही त्या मातीत होती. दापोडीचा पूल ओलांडला की खडकी. तिथल्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्सच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ व्या शीख पलटणीसोबत याच न्यूव्ह शापेलमध्ये घुसल्या होत्या. पूल बांधणारे, खंदक खणणारे हे लोक त्या दिवशी संगिनी घेऊन घराघरांतून लढले. त्यांचे बहुतेक सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले.

आता आमचा साधा प्रश्न. हे सगळे कोणासाठी लढले? पगार इंग्रजांचा, हुकूम इंग्रजांचा, झेंडा इंग्रजांचा. तरी त्यांना कोणी गद्दार म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग कोरेगावच्या स्तंभावरच्या नावांपुढे ‘नाक’ लागलं की लगेच देशद्रोह कसा दिसायला लागतो?

यावर म्हटलं जातं, “फ्रान्समध्ये शत्रू परका होता, कोरेगावात आपला होता.” ‘आपला’ म्हणजे कोणाचा? कोरेगावात पेशव्याच्या बाजूनं अरबही लढले. कंपनीच्या बाजूला महारांबरोबर मराठे, राजपूत, मुसलमानही होते. मग दोष एकाच जातीच्या माथी का? आणि ज्या राज्यात अस्पृश्याला माणूस म्हणून उभं राहायची जागा नव्हती, ते राज्य त्याचं ‘आपलं’ कोणत्या हिशेबानं होतं? या प्रश्नाचं उत्तर आजवर आम्हाला मिळालेलं नाही. शिव्या मात्र मिळाल्या.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. बिएझच्या जंगलासाठी लढणाऱ्या त्या कोअरमध्ये महार पलटण का नव्हती? शौर्य आटलं होतं म्हणून? नाही. ज्यांनी कंपनीचं मुंबई सैन्य उभं करायला पिढ्या घातल्या, त्यांची भरतीच इंग्रजांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद केली. ‘लढवय्या जाती’ नावाचं खूळ तेव्हा साहेबांच्या डोक्यात बसलं होतं. मनुस्मृतीचीच ती लष्करी आवृत्ती. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज केले. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. म्हणजे आमचे लोक इंग्रजांचे लाडके होते हेही खोटं. वापरा आणि फेका, हाच तो व्यवहार होता.

‘लढवय्या रक्त’ ही थाप आहे याचा पुरावाही त्याच खंदकांत आहे. ३४ वी शीख पायोनियर्स ही पलटण मजहबी शिखांची. पंजाबात ज्यांना अस्पृश्य मानत, ते हे लोक. १९१४ च्या नोव्हेंबरात फेस्तुबेरच्या खंदकात जर्मनांचा मारा त्यांनी अंगावर घेतला. पंजाबातल्या अस्पृश्याच्या हाती हत्यार राहू दिलं, तो लढला. महाराष्ट्रातल्याच्या हातून काढून घेतलं, तो ‘लढवय्या नाही’ ठरला. फरक रक्तात नव्हता, भरतीच्या वहीत होता.

आणि ज्यांना हत्यार दिलं नाही त्यांचं काय? महायुद्धात भारतातून सुमारे ८ लाख ७७ हजार लढवय्ये आणि ५ लाख ६३ हजार बिगर-लढवय्ये भरती झाले. मैला उचलणारे, पाणी वाहणारे, कातडं शिवणारे, हमाल. त्यातला एक सुखा कल्लू, बरेलीचा सफाई कामगार. इंग्लंडमधल्या ब्रॉकनहर्स्टच्या हॉस्पिटलात जखमी भारतीय सैनिकांची सेवा करताना जानेवारी १९१५ मध्ये वारला. हकीगत अशी सांगतात की अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याच्यावर अंत्यसंस्कार करायला नकार दिला आणि मुसलमान नाही म्हणून दफनभूमीतही जागा मिळाली नाही. शेवटी गावच्या पाद्र्यानं चर्चच्या आवारात त्याला पुरलं आणि गावकऱ्यांनी दगड बसवला. जात सात समुद्र ओलांडून गेली, मढ्यालाही तिनं सोडलं नाही.

न्यूव्ह शापेल जिंकलं गेलं तेव्हा सुभेदार रामजींचा मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. तोच पुढे १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभापुढे उभा राहिला. इंग्रजांचे गोडवे गायला नव्हे, तर तुम्ही लढणाऱ्यांची लेकरं आहात, हे आपल्या माणसांना सांगायला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. २५ डिसेंबर १९५४ रोजी त्याच बाबासाहेबांनी आपल्या देहूरोडला, छावणीच्या गावात, बुद्धमूर्तीची स्थापना केली.

बंधूंनो, भगिनींनो, ‘लढवय्ये’ आणि ‘बिगर-लढवय्ये’ ही वही अजून बंद झालेली नाही. आज तिच्यात ‘कायम’ आणि ‘कंत्राटी’ असे दोन रकाने आहेत. एकाच लाइनवर, एकाच मशीनवर काम, पण पगार वेगळा, डबा खायची जागाही कधीकधी वेगळी. कोणत्या रकान्यात कोणत्या वस्तीतली पोरं जास्त आहेत, हे ज्यानं त्यानं आपापल्या शॉपमध्ये मोजून पाहावं. इतिहास वाचायचा तो यासाठी. नावं कोरायची तर सगळ्यांची कोरा, बंदूकवाल्यांची, फावडंवाल्यांची आणि झाडूवाल्यांचीही.

जय भीम!