जेवत कुठे होता? : विद्यार्थीजीवनाच्या इतिहासाची प्रस्तावना

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्या विद्यापीठाची पदवी घ्यायला खेड्यातून आलेला मुलगा रात्री जेवत कुठे होता, हे फार थोड्यांनी विचारले. विद्यार्थ्यांच्या रोजच्या जगण्याचा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो.

पुण्यातले गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एक घर, मंगळवारी दुसरे. एखादा वार रिकामा राहिला की त्या दिवशी पोटाला चिमटा. कोणी झोळी घेऊन दारोदार माधुकरी मागे आणि एकत्र झालेले वरण, भात, भाजी खाऊन अभ्यासाला बसे. अशाच मुलांसाठी १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह उभे राहिले.

मात्र वार लागत ते जात पाहून. ज्यांना ती घरे बंद होती, त्यांच्यासाठी वसतिगृह हाच शिक्षणाचा दरवाजा ठरला. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशा अनेक समाजांची बोर्डिंगे निघाली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पंगतीसाठी अंगावरचे दागिने मोडले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना याच परंपरेतली. तिने अंगमेहनतीला फीइतकाच मान दिला.

कमाईच्या वाटाही निरनिराळ्या होत्या. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये पदवीधर झालेले धोंडो केशव कर्वे शिकवण्या करून शिकले. त्याच कॉलेजात पुढे बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीचा आधार मिळाला.

मैदानाला या इतिहासात वेगळे पान आहे. टिळकांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले, कारण दुबळ्या देहाने मोठे काम होत नाही हे त्यांनी ओळखले होते. १९२६ मध्ये एमसीसी या इंग्लिश क्रिकेट संघाविरुद्ध १४८ धावा काढणारे दि. ब. देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. संस्कृत आणि क्रिकेट एकाच माणसात पाहणाऱ्या मुलांना मैदान म्हणजे वेळेचा अपव्यय, असे कोण पटवणार?

पदवीच्या यादीत फक्त नाव उरते. ते नाव कोणाच्या अन्नावर आणि कोणाच्या श्रमावर उभे राहिले, हे खाणावळीच्या वह्या, वसतिगृहांची हजेरीपुस्तके, घरी धाडलेली पत्रे आणि आत्मचरित्रे सांगतात. म्हणून वाचकांना एकच विनंती: आजोबांच्या ट्रंकेतली जुनी वही रद्दीत घालण्याआधी उघडून पाहा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, तुम्ही शिकताना जेवत कुठे होता?